हिरवे चौकोन

बारावी सायन्सच्या वर्गात जीवशास्त्राची जर्नल तपासायला मागितली की रीना मॅडमना ठरलेलं उत्तर मिळायचं, "उद्या आनतो, मॅडम." त्या 'उद्या'त लबाडी नसायची. मुलं खरोखरच उद्या आणायच्या इराद्याने तसं म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच खरेपणाने पुन्हा म्हणत. दहावीची परीक्षा न देताच पास झालेली ही बॅच. कोरोनाची दोन वर्षं यांनी शाळा फोनमध्ये पाहिली होती, आणि वर्गात येऊन बसल्यावरही तास नंतर केव्हाही लावून बघता येईल अशा चेहऱ्याने ती फळ्याकडे बघत.

रीना मूळची भंडाऱ्याजवळच्या शहापूरची. साकोलीच्या ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि तिथेच खोली करून राहायची. रागावून झालं, मार्क कापून झाले, एकदा तर सगळ्या वर्गाला प्रयोगशाळेबाहेर उभं करून झालं. जर्नल काही येईनात. मग गणपतीच्या सुट्टीनंतर एके दिवशी तिने वर्गात सांगितलं, "फोन काढा."

मुलांना आधी खरं वाटेना. फोन जप्त करायची ही नवी रीत असेल म्हणून मागच्या बाकांवरचे फोन खिशातच राहिले.

"काढा, काढा. घेत नाही मी. त्यात कॅलेंडर आहे ना, ते उघडा. आज संध्याकाळी तुम्ही घरी असाल अशी एक वेळ निवडा. त्या वेळेवर बोट ठेवा, चौकोन येईल. त्यात एक काम लिहायचं. एकच. आणि इतकं लहान, की ते उद्यावर टाकायला तुमचीच तुम्हाला लाज वाटली पाहिजे."

"एक धडा लिहू, मॅडम?" पहिल्या बाकावरच्या तृप्तीने विचारलं.

"धडा मोठा झाला."

"एक प्रश्न?"

"प्रश्नाचं पहिलं वाक्य."

वर्ग हसला. रीनाही हसली. काम झालं की चौकोन हिरवा करायचा, नाही झालं तर पुसायचा नाही, बोटाने ओढून दुसऱ्या वेळेवर न्यायचा, म्हणजे आपण किती ढकलतो ते आपल्यालाच दिसेल, एवढंच तिने समजावलं. महिनाभरात अर्ध्या वर्गाच्या जर्नल पुऱ्या झाल्या. तृप्तीने तर आईच्या गोळ्यांच्या वेळासुद्धा कॅलेंडरात टाकल्या. उरलेल्या अर्ध्या वर्गाला काही फरक पडला नाही. रीनाने तेवढ्यावर समाधान मानलं असतं. पण त्या उरलेल्यांत अश्वजित होता.

अश्वजित एकोडीचा. उंच, किडकिडीत, कायम खिडकीशी बसणारा. तोंडी विचारलं तर त्याला सगळं येई. मूत्रपिंडात गाळणी कशी होते ते त्याने एकदा असं सांगितलं होतं की रीनाने तेच वाक्य दुसऱ्या तुकडीत वापरलं. आणि वही मात्र कोरी. एका दुपारी तिने त्याला प्रयोगशाळेत थांबवून घेतलं. वर्गात ती पुस्तकी मराठी बोलायची, पण एकट्या मुलाशी बोलताना तिची शहापूरची बोली आपोआप बाहेर यायची.

"तुले सगळं येते, मंग लिहीत काहून नाहीस?"

"लिहाले बसतो ना, मॅडम." तो परीक्षानळ्यांच्या स्टँडशी चाळा करत म्हणाला. "पुस्तक उघडलं का वाटते, अरे बापा, एवढं राह्यलं! मंग वाटते, आता एवढ्याशा वेळात काय होते, उद्या सकाळपासून पुरंच करू. मंग बंद करतो."

"अन् उद्या?"

"उद्या त्याच्याहून जास्त राह्यलेलं असते."

त्याच्या बोलण्यात आळस नव्हता. पाण्याची खोली बघून काठावरून मागे फिरणाऱ्या माणसासारखं तो बोलत होता. रीनाला त्याचा राग येईना.

"एक काम कर," ती म्हणाली. "संध्याकाळी सहाले टेबलाशी फक्त बस. पुस्तक उघडू नोको."

"नाही उघडू?"

"नाही. पंधरा मिनिटं बसायचं अन् उठायचं."

त्याने तिच्यासमोरच फोन काढून लिहिलं, 'बसणे'. आणि आपलं कॅलेंडर तिलाही दिसेल असं करून दिलं. "तुमाले दिसते म्हटलं तं मले जरा लाज राहीन," तो म्हणाला.

पहिले काही दिवस तो 'बसणे'चा चौकोन सहावरून सातवर, सातवरून दुसऱ्या दिवसावर सरकताना तिला दिसे. मग एक दिवस तो हिरवा झाला. दुसऱ्या दिवशीही झाला. पुढच्या आठवड्यात चौकोनात नवी अक्षरं आली : 'बसणे आणि पुस्तक उघडणे, वाचणे नाही.' मग 'हृदयाचं चित्र, फक्त बाहेरची रेघ.' मग 'कालच्या हृदयात कप्पे पाडणे.' संध्याकाळी भात शिजत ठेवून रीना फोन उघडायची आणि ते वाचून एकटीच हसायची. हळूहळू चौकोनांतली गंमत कमी झाली आणि अभ्यास वाढला. 'रक्ताभिसरण, पाच प्रश्न.' 'भौतिक, गणितं.' दिवाळीच्या आधी त्याने जर्नल आणून टेबलावर ठेवली तेव्हा ती पूर्ण होती. अक्षर वाकडं होतं, पण एकही पान कोरं नव्हतं.

"मले वाटलं नोहोतं होईन म्हून," तो म्हणाला आणि लगेच निघून गेला, जणू कोणी शाबासकी दिली तर ती कुठे ठेवावी हे त्याला कळलं नसतं.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. अश्वजितचे वडील आनंदराव आले. गावच्या पोस्टात ते ग्रामीण डाकसेवक होते. खाकी पिशवी खांद्याला तशीच. टपाल वाटूनच सरळ आले होते. "जयभीम, मॅडम," म्हणून त्यांनी हात जोडले आणि बाकावर अगदी कडेला बसले.

रीनाने अश्वजितबद्दल सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तिला राहवलं नाही. तिने फोन काढून त्यांना कॅलेंडर दाखवलं. सप्टेंबरातले इकडून तिकडे सरकलेले चौकोन, मग एखादा हिरवा, मग ओळीने हिरवे. आनंदरावांनी फोन दोन्ही हातांत धरला. पोस्टाच्या कामामुळे त्यांना फोन चांगला कळत होता. त्यांनी बोटाने मागे-पुढे करत सगळे महिने पाहिले. अश्वजित दाराशी उभा होता.

"हे ह्यानं केलं?"

"त्यानेच."

"आमाले तं घरात काही सांगतच नाही. खोलीत बसते, काय करते, आमाले काय समजते?" त्यांचे डोळे भरून आले होते. "वीस-बावीस वर्षं झाली मॅडम, दुसऱ्याच्या पोरायचे नेमणुकीचे कागद त्यायच्या घरी नेऊन देतो. पेढा खातो अन् सायकल घेऊन पुढं जातो. हे माह्या फोनमधी नाही दिसू शकत?"

"दिसू शकतं." रीनाने दाराकडे बघून विचारलं, "अश्वजित, चालेल ना रे?"

"चालते," तो म्हणाला.

तिने अश्वजितचा फोन मागून घेतला आणि आनंदरावांचा ईमेल पत्ता त्यात जोडला. फक्त पाहायची परवानगी द्यायची की बदल करायचीही, असं फोनने विचारलं. आनंदराव म्हणाले, "मलेही काही लिहिता आलं तं बरं होईन. शाब्बास वगैरे." तिने तशी परवानगी दिली. मागे रांगेत आणखी पालक थांबले होते.

आनंदरावांनी पहिल्या दिवशी खरंच 'शाब्बास बाळा' असा चौकोन टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला. रीनाला बरं वाटलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पहाटेच्या वेळेवर एक चौकोन आला, 'जीवशास्त्र, पहिला धडा.' तो अश्वजितच्या भाषेतला नव्हता. मग दुपारी कॉलेजातून घरी पोचायच्या वेळेवर एक, जेवणानंतर एक. रविवार, जो अश्वजित नेहमी मोकळा ठेवायचा, तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरला. 'नीट परीक्षेचा सराव पेपर.' 'चुका तपासणे.' 'पुन्हा सराव.' नीटचं नाव अश्वजितने तिच्यासमोर एकदाही काढलेलं नव्हतं.

सुरुवातीला त्याने दोन्ही केलं. आपले लहान चौकोन आणि वडिलांचे मोठे. मग त्याचे स्वतःचे लहान चौकोन दिसेनासे झाले, कारण त्यांना जागाच उरली नाही.

रीनाने त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा टपाल वाटताना फोन करतात, मॅडम. चौकोनाची वेळ झाली का फोन येते. झालं का? कुठपर्यंत झालं? एक दिवस मी म्हटलं आज नाही झालं, तं ते कोनाच्या तरी अंगनात पिशवी ठेवून घरी आले. मले वाटलं रागावतीन. रागावले नाही. माह्याजवळ बसून राह्यले, पुरं होयेपर्यंत. म्हने मी आहो ना, तू घाबरू नोको."

"मग?"

"मंग काय. ते बसले म्हून काही सुचतच नोहोतं."

रीनाने आनंदरावांना फोन केला. नाताळच्या सुमारास ते साकोलीच्या बाजारात भेटले तेव्हा समोरासमोरही बोलून पाहिलं. आनंदराव सायकल हातात धरून उभे होते, हँडलला वांग्यांची पिशवी.

"काका, तो लहान लहान कामं ठरवायचा, म्हणून त्याला जमत होतं. तुम्ही एकदम एवढं टाकता, त्याचं दडपण येतं त्याला."

"लहान कामानं डॉक्टर होते का, मॅडम?"

"डॉक्टर व्हायचंय असं तो म्हणाला का तुम्हाला?"

आनंदरावांना त्या प्रश्नाचा राग आला नाही. तो प्रश्न त्यांच्या ओळखीचाच नव्हता असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"माह्या बापाले मी कोनत्या वर्गात आहो हे ठाऊक नोहोतं," ते म्हणाले. "मी शाळा सोडली, तं घरी पावसाळ्यात समजलं, धानाच्या रोवनीले मानूस कमी पडला तेव्हा. म्हने तू तं घरीच आहेस. वाईट नोहोता माहा बाप. त्याले सवडच नोहोती माह्याकडं पाह्याले. मले आता घरबसल्या दिसते माहा पोरगा कोनत्या वेळी काय करून राह्यला. तुमच्या किरपेनं दिसते. अन् तुमीच म्हनता पाहू नोका?"

त्यांनी पिशवीतली चार वांगी काढून तिच्या हातात दिली, घरच्या वाडीतली आहेत म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकली.

जानेवारीत अश्वजितचं कॅलेंडर वरपासून खालपर्यंत हिरवं दिसू लागलं. एकही चौकोन सरकत नव्हता. त्याच महिन्यात सराव परीक्षेत त्याने जीवशास्त्राचा पेपर अर्ध्याहून जास्त कोरा दिला. रीनाने तो पेपर त्याच्यासमोर ठेवला आणि बाजूला फोन ठेवला.

"हे एवढं हिरवं आहे. मग हे असं काहून?"

तो दोन्हींकडे बघत राहिला. "हिरवं केलं का फोन येत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे काहीच करत नाहीस?"

"बसतो. तुमी म्हटलं होतं तसं. पुस्तक उघडून बसतो. पन मॅडम, आता एकच ओळ दोन-तीन डाव वाचली तरी आत जात नाही. अन् तेवढ्यात पुढच्या चौकोनाची घंटी वाजते."

रीनाने त्याला दुसरं कॅलेंडर काढायला सुचवलं. फक्त त्याचं, कोणालाही न दिसणारं, तिलाही नाही. त्याने मान हलवली. त्याचं खातं वडिलांच्या फोनमध्येही उघडलेलं होतं. एका रविवारी आनंदरावांनी पासवर्ड मागितला, त्याने दिला. तिने वडिलांची परवानगी आपल्या फोनवरून काढता येते का पाहिलं; ते कॅलेंडर तिचं नव्हतं, त्यामुळे तिच्या हातात काहीच नव्हतं. पालकसभेत तिने ते जोडलं होतं तेही अश्वजितचाच फोन मागून घेऊन. ती उपप्राचार्यांकडे गेली. ते म्हणाले, "मॅडम, पालक लक्ष देत नाहीत म्हणून आपण रडतो. एक लक्ष देतोय तर तुम्ही तक्रार घेऊन आलात?" त्यांचंही काही चुकीचं नव्हतं.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी रीना बाहेरून आलेल्या परीक्षकांना चहा देत होती, तेवढ्यात शिपायाने सांगितलं की बाहेर कोणी भेटायला आलंय. आनंदराव व्हरांड्यात उभे होते. अंगावर घरचा सदरा, पायात चप्पल, पिशवी नव्हती. चेहरा उतरलेला.

"काय झालं काका? अश्वजित आत आहे, त्याचा प्रयोग सुरू आहे."

त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. पडद्यावर कॅलेंडर होतं, सगळे दिवस पांढरे.

"मले पोरगा दिसूनच नाही राह्यला," ते म्हणाले.

अश्वजितने पासवर्ड बदलला होता, शेअरिंगही बंद केलं होतं. रीनाने आपला फोन पाहिला. तिच्याकडेही काही दिसत नव्हतं. तिला इतकं हायसं वाटलं की ते लपवायला तिने मान खाली घातली.

"काका, असू द्या थोडे दिवस," ती म्हणाली. "परीक्षा तोंडावर आहे. त्याला एकट्याला करू द्या. हे मीच सुरू केलं, मीच सांगते, बंद राहू द्या. तो पोरगा वाईट वागून राह्यला नाही. त्याले जरा श्वास घेऊ द्या."

बोलता बोलता ती आपल्या बोलीत आली होती. आनंदरावांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तुमी म्हनता तं ठीक आहे." आणि पायऱ्या उतरून गेले. फाटकाशी त्यांनी पुन्हा एकदा फोन उघडून पाहिलेला तिला दिसला.

आपलं म्हणणं कोणीतरी ऐकलं, या आनंदात ती ते दोन-तीन दिवस होती. तृप्तीने विचारलंही, "मॅडम, आज लय खुश दिसता?" मग एका सकाळी तिचा फोन वाजला. अश्वजितचं कॅलेंडर परत आलं होतं. पहाटेपासूनचे चौकोन, मधल्या रिकाम्या दिवसांचा अभ्यास भरून काढायचा म्हणून आणखी दाट.

त्या दिवशी तिने त्याला व्हरांड्यात गाठलं. "बाबांनी जबरदस्ती केली? मारलं का?"

"नाही हो." त्याला त्या शब्दाचंच वाईट वाटलं. "बाबा कोनाले मारत नाहीत."

"मग?"

"जेवले नाही. दोन दिवस. आईनं म्हटलं तं म्हनत, भूक नाही. टपाल वाटून येत अन् फोन हातात घेऊन खाटेवर बसत. मले काही बोलले नाही. एक शब्द नाही बोलले." तो व्हरांड्याच्या कठड्यावरचे पोपडे नखाने काढत होता. "मंग मीच देल्ला पासवर्ड. तुमालेही परत जोडलं. एकट्या बाबालेच दिसते म्हटलं तं कसंतरी लागे."

रीनाला त्याला सांगायचं होतं की तू चूक केलीस. मग तिला तिच्या घरी तिचाच बाप खाटेवर तसा बसलेला दिसला आणि आपणही पासवर्ड दिलाच असता हे तिला कळलं. ती म्हणाली, "चल, तास सुरू होते."

बारावीला अश्वजित पास झाला. मार्क इतके कमी, की कुठेच काही मिळू नये. मे महिन्यात नीटचा पेपर झाला, जूनमध्ये निकाल लागला. तृप्तीला नर्सिंगला जायचं होतं, तिचं भंडाऱ्याला जमलं. अश्वजितचा निकाल त्याने स्वतः कळवला नाही. आनंदरावांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, खचलेपण नव्हतं. "मॅडम, एक डाव घरी या. तुमाले काही दाखवायचं आहे."

रीनाच्या कॉलेजातल्या तासिका नव्या वर्षी मिळतील की नाही हे तेव्हा ठरायचं होतं. जुलैत एका दुपारी ती साकोलीहून एकोडीला गेली. भाताच्या बांधीबांधीतून रोवणी चालू होती. गावात माणूस दिसत नव्हता. अश्वजितची आई कुंताबाई नुकतीच चिखलातून आली होती, पायाला पोटरीपर्यंत गाळ. तिने पाणी दिलं, पदराने खुर्ची पुसली आणि चुलीकडे गेली. अश्वजित भिंतीला टेकून खाली बसला होता. आधीच किडकिडीत होता, आता गालही बसले होते.

आनंदरावांनी फोन आणला आणि रीनाच्या शेजारी खुर्ची ओढली.

"हे पाहा. ह्या वर्षी घाई झाली, मॅडम. तुमी बरोबर म्हनत होते, लहान लहान कामं पाह्यजे होती. मी लक्षात ठेवलं ते." त्यांनी पडदा वर सरकवला. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. "आता धड्याचे धडे नाही टाकले. एक धडा, त्याचे तुकडे, तुकड्याचे तुकडे. हे पाहा, हृदयाचं चित्र. फक्त बाहेरची रेघ. त्याच्याच शब्दात टाकलं. असं पुढच्या मेपर्यंत. पेपर झाला तेव्हापासून दोन महिने लागले मले हे भराले."

महिने सरकत होते. एकही दिवस रिकामा नव्हता, एकही तास नव्हता. लहान लहान चौकोनांची दाटी झाली होती. त्या माणसाने पोस्टाच्या पायरीवर, झाडाखाली, जेवताना, दोन महिने बसून एकेक चौकोन टाकला होता. रीनाला दिसत होतं की त्यात कुठेही हलगर्जी नाही. तिने शिकवलेलं सगळं त्यांनी केलं होतं.

"काका," ती म्हणाली, "ह्या वर्षी काय करायचं ते त्याला एकदा विचारलं का?"

चुलीपाशी कुंताबाईचा हात थांबला. तीही वाट बघत होती असं रीनाला वाटलं. आनंदरावांनी मुलाकडे वळून अगदी मायेने विचारलं, "सांग बाळा. तुले नसन करायचं तं तसं सांग. मी काही म्हनत नाही."

आणि ते खरं होतं. ते काही म्हणाले नसते. मुकाट्याने फोन ठेवून दिला असता आणि खाटेवर जाऊन बसले असते. अश्वजितने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या फोनकडे.

"करतो ना," तो म्हणाला.

आनंदराव रीनाकडे बघून हसले. कुंताबाईने चहाचं आधण उतरवलं. रीनाने चहा घेतला, तो फार गोड होता.

परत जाताना अश्वजित तिला शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर बस थांब्यापर्यंत सोडायला आला. तलावाच्या पाळीवरून जाताना खाली बांध्यांमध्ये बायका ओळीने वाकून हिरवी रोपं रोवत होत्या. त्यांच्यापैकी कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने हात केला. थांब्यावर कोणी नव्हतं. बस यायला वेळ होता. तो जायला निघेना.

"अश्वजित," रीना म्हणाली, "आता इथं कोनी नाही. मी आता तुही मॅडमही नाही. खरं सांग, तुले काय करावंसं वाटते?"

तो रस्त्याकडे बघू लागला. डॉक्टर नको, असं काही तो म्हणेल, किंवा दुसऱ्या एखाद्या कोर्सचं नाव घेईल, असं तिला वाटलं. नाव घेतलं असतं तर ती काही तरी करू शकली असती, माहिती काढली असती, कोणाला तरी भेटली असती.

"काहीच नाही," तो शेवटी म्हणाला. "थोडे दिवस काहीच नाही करायचं, मॅडम. नुसतं राह्याचं. पन ते कोनत्या वेळी करू?"

त्याने ते थट्टेने विचारलं नव्हतं. तो तिच्याकडे उत्तरासाठी बघत होता, वर्गात एखादी शंका विचारून बघावं तसा. दुरून बस येताना दिसली. त्याने पुढे होऊन बसला हात दाखवला, तिची पिशवी वर चढवून दिली, आणि ती आत बसेपर्यंत तिथेच उभा राहिला.